मामूंचा माच

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही हसत विचारलंत, आजी टोमॅटो उलटे का मांडते. तुमचं हसू ओसरायच्या आत सांगून टाकते. ही शिस्त माझी नाही, लोह्यातल्या आमच्या शेजारच्या मामूंची. फळा-भाज्यांशी माणसांपेक्षा जास्त अदबीने वागणारा गृहस्थ अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल.

मामूंचा फळांचा व्यापार. पण जीव विकण्यापेक्षा राखण्यात. आलं ओल्या वाळूत, भोपळा शिंक्यात, कोथिंबीर ओल्या फडक्यात, आणि टोमॅटो देठाची बाजू खाली करून, म्हणजे ओल आतच राहते. माझ्याकडे कांदे-बटाटे एका टोपलीत दिसले की म्हणायचे, "सख्ख्या जावा हायत ह्या, बाई. एका टोपलीत कोंडल्या की दोघीबी बिघडतात." उन्हाळ्यात गव्हाच्या काडात आंबे पिकत घालायचे, त्याला आपल्याकडे माच म्हणतात. त्या खोलीत चप्पल घालून जायला बंदी होती आणि मोठ्याने बोलायलाही. मी एकदा दारातून हाक मारली, तर ओठांवर बोट ठेवून बाहेर आले. "धीरे बोला. आत्ता डोळा लागलाय त्यांचा." आतून त्यांच्या बायकोचा, चाचींचा आवाज आला, "माझा डोळा लागला की मात्र हे रेडिओ लावतेत."

त्यांच्या परसात शेप्याचं झाड होतं. शेपूसारख्या वासाचा गावरान आंबा. लेकीचा जीव की प्राण. पण लेक आखातात, आणि तिच्या मुलांना सुट्टी लागायची ती इथले आंबे संपल्यावर. एका वर्षी मामूंनी ठरवलं, या वेळी शेप्या तिच्यासाठी थांबेल. सगळ्यात उशिराचे आंबे देठासकट उतरवून त्यांनी रांजणात ठेवले, वरून ओलं पोतं गुंडाळलं. मी फ्रिज सुचवला, तर दुखावले. "त्यात फळ थिजतं, बाई. जगत न्हाई." रोज वास घ्यायचे, नासका निघाला की काढून टाकायचे. लेकीचं येणं लांबत गेलं, रांजण रिता होत गेला. ती आली तेव्हा एकच आंबा उरला होता, सुरकुतलेला.

तिने तो चोळून मऊ करून तोंडाला लावला आणि थांबली. "अब्बा, खट्टा हो गया ये."

मामू तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "खट्टा न्हाई, बाई. वाट बघून थकलाय."

मग कोय पांढरी होईपर्यंत तिने ती चोखली.

मामू आता नाहीत. चाची लेकीकडे असतात. शेप्या उभा आहे, आणि यंदाही लागला आहे.