चौसष्ट पायऱ्यांचं नाव

खालच्या वाडीतून रत्नागिरीच्या बाजाराकडे चढायला जांभ्या दगडाच्या चौसष्ट पायऱ्यांची पाखाडी आहे. तिच्या तोंडाशी परवा नवी पाटी लागली: ‘गुलमोहर मार्ग’. अख्ख्या वाडीत गुलमोहराचं एक झाड नाही. कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून हे निघालं, देव जाणे!

जुनं नाव जातीवरून होतं. सरकारनं असली नावं काढायला लावली, ते उत्तमच झालं. नगरपालिकेच्या कचेरीत कारकून असताना रजिस्टरात ते नाव तीस वर्षं मीच लिहीत होतो आणि माझा हात एकदाही अडखळला नाही, हेही सांगून टाकतो. उगाच कुणी मला साळसूद समजायला नको.

राग पाहावा तो खालच्या वाडीतल्या सीताबाईंचा. वय पंचाहत्तर, आवाज खणखणीत. त्यांचे सासरे राजाराम चिरेखाणीत कामाला होते. आमची वरची आळी खालच्या लोकांना आळीतून जाऊ देत नसे. बाजार असो की दवाखाना, त्यांना मैलभराचा वळसा. बौद्ध झाल्यावर दुसऱ्याच वर्षी राजारामांनी तो वळसा संपवला. खाणीतले फुटके चिरे डोक्यावरून आणले, दर रविवारी एकट्यानं उतार फोडला आणि पाखाडी घातली. मग जवळची वाट म्हणून तिच्यावरून आधी कोण जायला लागलं? आमचीच आळी! लाज कशाशी खातात ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

सीताबाई लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी त्यांना सगळ्यात वरच्या पायरीवर कोरलेली अक्षरं दाखवली होती. सीताबाईंना वाचता येत नाही. ते सासऱ्यांचं नावच, असं धरून, कधी कुणाकडून वाचून न घेता त्या दर चौदा एप्रिलला तिथे फुलं ठेवत. चार वर्षांपूर्वी ठेकेदारानं त्या पायरीवर सिमेंट ओतलं.

पाटी लागली त्याच दिवशी त्या मला ओढत कचेरीत घेऊन गेल्या.

‘‘पाखाडी माज्या सासऱ्यानी घातलानी. त्यांचा नाव लावा.’’

‘‘पुरावा लागेल, आजी,’’ तिथला साहेब म्हणाला.

‘‘पुरावा सिमेटाखाली हाय. चला बगायला.’’

तो आला, हे मात्र खरं. सीताबाईंनी नातीच्या, श्रुतीच्या हातातून पहार घेतली. पंधरा-वीस घावांत सिमेंट उडालं. श्रुतीनं माती झाडली आणि मोठ्यानं वाचलं, ‘‘ही वाट सर्वांची. १९५७.’’

‘‘यात नाव कुठाय?’’ साहेबानं विचारलं.

सीताबाईंनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग पहार आपटून ओरडल्या, ‘‘नाय लिवलानी नाव! तुमाला सगल्यांना वाट दिलानी, आनि तुमच्यान एक नाव देववत नाय?’’

साहेब माझ्याकडे वळला. ‘‘तुम्ही कचेरीतले, वरच्याच आळीतले. ही पाखाडी कुणी बांधली, एवढी एक ओळ तुमच्या रजिस्टरात असती, तरी मी आज पाटी बदलली असती. का नाही लिहिलीत?’’

मला लिहिता-वाचता येतं. तीस वर्षं त्याच पायरीवर पाय देऊन मी कचेरीत गेलो, ते जातीवरचं नाव लिहायला. खाली एकदाही पाहिलं नव्हतं.