अमावास्येचं तेल

आमच्या घरी गाडी होती ती सासूबाईंच्या एका अटीवर. दर रविवारी त्यांना राईला, त्यांच्या आईकडे, नेऊन परत आणते आहे तोवर ती अंगणात राहील. ज्या दिवशी वाटेत थांबेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे जाईल. ही अट घालताना त्या तांदूळ निवडत होत्या आणि त्यांनी मानही वर केली नव्हती, म्हणून सगळ्यांनी ती गंभीरपणे घेतली.

राई भाईंदरपासून फार लांब नाही. पण साठीच्या दशकाच्या शेवटी तिकडे जायचं तर टांगेवाल्याची मर्जी बघावी लागे, नाहीतर चालावं लागे, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांनी चालायला केव्हाच नकार दिला होता. त्यांच्या आईंना दिसत नव्हतं. रविवारी लेक आली की त्या तिच्याकडून न्हाऊ घालून घेत आणि पुढचा आठवडाभर सुनांना लेकीच्या हाताचं कौतुक ऐकवत.

गाडी मामंजींना मिळाली होती. जन्मभर त्यांनी मिठागरावर मुकादमी केली. निवृत्त झाले तेव्हा मालकाने नवी गाडी घेतली होती, म्हणून जुनी यांना दिली, शाल-नारळाबरोबर. त्या समारंभात गाडीच्या थोरवीवर तीन भाषणं झाली. तिच्या इंजिनाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ते तेल पीत होतं. चढावर लागलं की मागून निळा धूर निघे आणि वाटेतल्या मुर्धा गावची पोरं नाक धरून बाजूला होत.

मामंजी तिला स्टेशनजवळच्या दुकानातलं सुटं, चाळीस नंबरचं तेल घालत. जुन्या इंजिनात फटी वाढलेल्या असतात, त्या भरायला जाड तेलच हवं, हा त्यांचा सिद्धान्त. आणि तेल बदलायचं अमावास्येला, हा नियम. किती मैलांनी बदलावं हे गाडीबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत असावं, म्हणून मी ती एकदा त्यांना वाचून दाखवायला बसले. बर्फ पडत असेल तर कोणतं तेल घालावं ते पान शाबूत होतं. आपल्यासारख्या हवेचं पान वाळवीने खाल्लं होतं. शिवाय गाडीचा मैल दाखवणारा काटा मालकाच्या काळातच थांबला होता.

अमावास्येचं ऐकून पाहुणे मामंजींना देवभोळे समजत. ते तसे नव्हते. अमावास्येला खाडीला उधाण येई, रस्त्याच्या सखल भागावर खारं पाणी चढे, गाडी बाहेर काढता येत नसे. मिठागरावर आयुष्य भरती-ओहोटीने मोजलेल्या माणसाला, घरात बसायचंच आहे तर तेल बदलून टाकावं, हे सरळच वाटलं. अंगणात घमेलं ठेवून ते गाडीखाली शिरत, बोल्ट काढत, आणि काकवीसारखं काळं तेल संथपणे खाली येई. ते तेल मग दाराच्या चौकटींना वाळवीसाठी फासलं जाई. आमच्या चौकटी इंजिनापेक्षा चांगल्या टिकल्या.

या व्यवस्थेला धक्का दिला माझ्या मोठ्या दिरांनी. भावोजी मुंबईत एका कंपनीत होते आणि शनिवारी-रविवारी आम्हाला सुधारायला येत. त्या वर्षी हायवेवर एक नवा पेट्रोल पंप उघडला. उद्घाटनाला ते मामंजींना घेऊन गेले आणि मीही मागच्या सीटवर बसून गेले. फीत कापली, नारळ फुटला, आणि टाय लावलेल्या एका साहेबांनी तेल हे इंजिनाचं रक्त आहे, असं सांगितलं. टाळ्या पडल्या. माणसाचं रक्त दर अमावास्येला काढून चौकटीला फासत नाहीत, हे मला सुचलं, पण सुना अशा ठिकाणी बोलत नसत.

भावोजी तिथून नव्या तेलाचा सीलबंद डबा घेऊन आले. हे तेल थंडीत पातळ आणि उन्हात घट्ट राहतं म्हणे, आणि त्यात साबणासारखं काहीतरी असतं, त्याने इंजिन आतून धुऊन निघतं.

"आतून कोण बघायला येणार आहे?" सासूबाईंनी विचारलं.

भावोजींनी डब्याबरोबरचा छापील तक्ता उघडला. त्यानुसार तेल बदलायला चांगले चार-पाच महिने हरकत नव्हती. दर अमावास्येला बदलणं म्हणजे, ते म्हणाले, रोज मुंज करण्यासारखं आहे.

मामंजी एरवी ऐकले नसते. पण त्या महिन्यात इंजिनातून शिवणयंत्रासारखी टकटक यायला लागली होती, आणि दर रविवारी राईच्या रस्त्यावर ती ऐकताना त्यांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा व्हायचा. गाडी गेली तर सासूबाईंचा रविवार गेला, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. रेल्वे फाटकाजवळच्या मेकॅनिकला विचारून आले. तो म्हणाला, "पुराना इंजिन को छेड़ो मत." पण तो स्वतःच्या स्टोव्हबद्दलही हेच म्हणे, तेव्हा तोही आधार गेला. शेवटी नवं तेल घातलं.

आणि फरक पडला. टकटक थांबली. चालू करायला हँडल कमी मारावं लागे. भावोजी पुढचे दोन-तीन शनिवार अंगणात हात मागे बांधून उभे राहत, जणू इंजिन त्यांना सलामी देत होतं. मामंजी सकाळी तेलाची पट्टी काढून बघत. तेल फार लवकर काळं पडतंय, एवढंच ते म्हणाले. भावोजी म्हणाले, म्हणजे धुतंय. अमावास्या आली, घमेलं बाहेर निघालं, आणि तक्त्याचा मान राखून पुन्हा आत गेलं.

त्यानंतरच्या रविवारी मी बरोबर होते. मुर्धा मागे पडलं, दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग पांढरे चमकत होते, सासूबाईंच्या मांडीवर आईसाठी केलेल्या घावनांचा डबा होता. मामंजींनी एकदम पेडलवरून पाय काढला. समोरच्या तबकड्यांमध्ये तेलाचा दाब दाखवणारा एक लहान काटा होता; तो हळूहळू खाली येत शून्याजवळ टेकला होता. गाडी मात्र व्यवस्थित चालली होती. आवाज नाही, धूर नाही. राई तिथून दिसत होती. असंच पुढे गेलं असतं तर कदाचित पोहोचलोही असतो, आणि अट मोडली नसती.

मामंजींनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिले.

"काय झालं?"

"तेल वर चढत नाहीये. चालवली तर इंजिन जाम होईल."

सासूबाईंनी राईकडे पाहिलं, मग काट्याकडे. त्यांना त्यातलं काही कळत असेल असं मला वाटत नाही. मिठाची रिकामी बैलगाडी मागून येत होती, ती त्यांनी हात करून थांबवली. गाडीवान त्यांच्या माहेरच्या आळीतला निघाला. आम्ही दोघी तिच्यात चढलो. मामंजी गाडीजवळ उभे राहिले. सासूबाई वरून म्हणाल्या, "उन्हात उभे राहू नका. आत बसा."

मेकॅनिकने गाडी ओढून नेली आणि खालचं चेंबर उघडलं. साबण आपलं काम चोख करत होता. वीस वर्षांचा चिखल इंजिनाच्या भिंतींवरून सुटला होता आणि खाली तेल ओढणाऱ्या जाळीवर साईसारखा बसला होता. धुतलेलं पाणी फेकलंच नाही तर दुसरं काय होणार? अमावास्येला घमेलं लागलं असतं तर तो बराचसा वाहून गेला असता. आणि जुनंच तेल चालू ठेवलं असतं तर टकटक वाढत गेली असती. म्हणजे तेलाच्या बाबतीत भावोजी बरोबर होते आणि तिथीच्या बाबतीत मामंजी. हा निकाल दोघांनाही आवडला नाही.

जाळी साफ झाली, पुन्हा तेच नवं तेल पडलं, इंजिन शाबूत निघालं. पण अट उरली होती. पुढच्या शनिवारी रात्री जेवताना भावोजींनीच ती काढली. आईचा शब्द म्हणजे शब्द, गाडी वाटेत थांबली होती, आणि त्यांच्या ओळखीचा एक भंगारवाला भावही चांगला देतो. मामंजी भातात आमटी कालवत राहिले.

सासूबाई रागावल्या की त्यांच्या तोंडी राईची बोली येई. "गाडी थांबली न्हाय," त्या म्हणाल्या, "यांनी थांबवली. तू असतास तर माझ्या धाकानं राईपर्यंत रेटली असतीस, आन् मग थांबली असती. ताक वाढू?"

पुढच्या अमावास्येला मामंजी घमेलं शोधत परसात गेले, तर ते आधीच गाडीखाली ठेवलेलं होतं.

त्या तेलावर आणि त्या तिथीवर गाडी आणखी काही वर्षं राईला गेली. मग एका उन्हाळ्यात सासूबाईंच्या आई गेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर मामंजींनी स्वतःहून गाडी विकायला काढली. कोणी म्हटलं नव्हतं. घ्यायला आलेला गृहस्थ शहरातला होता. त्याने पत्रा ठोकून पाहिला, टायरला लाथ मारली आणि शेवटचं तेल किती मैलांपूर्वी बदललं ते विचारलं. मामंजींनी त्याला आत बसवलं आणि उधाणापासून सांगायला सुरुवात केली.