खोतांची आई खाडीवर आली

चेंदणीच्या कोळीवाड्यात रंगूबाईसारखी चौकस बाई दुसरी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला एकाच घराचं कुतूहल होतं, हरिहरपंत खोतांच्या. खाडीकाठची शेतं, मिठागरं, विहीर, एवढंच काय, कोळ्यांच्या झोपड्यांखालची जमीनही खोतांची. कोळी समोर वाकून रामराम करत आणि पाठ वळली की थुंकत. आजेसासऱ्याच्या काळापासून हे असंच चाललेलं.

खोत जातीनं प्रभू, मासळीचे शौकीन. रंगूबाई रोज त्यांच्या मागच्या दारी टोपली उतरवी आणि मान लांब करून आत डोकावी. दिसायचा तो माजघरातला अंधार. ऐकू यायचा खोतांच्या आईचा, द्वारकाबाईंचा आवाज.

त्या वर्षी पाऊस सरला आणि खोतांनी मासळी सुकवायच्या मोकळ्या जागेला काटेरी कुंपण घातलं. तिथं त्यांना नवं मिठागर करायचं होतं. सगळा कोळीवाडा एकत्र बसला आणि ठरलं, खोतांच्या घरी आता बोईटाचं शेपूटही जायचं नाही.

आठवडा गेला. त्या घरात आता काय शिजत असेल, याचा विचार रंगूबाईची पाठ सोडेना. एका सकाळी ती रिकाम्या हातानं निघाली.

“कशाला जातीस? फितूर म्हनतील,” नवरा विश्राम म्हणाला.

“म्हनू देत. मला बघायचाय.”

मागच्या दारात द्वारकाबाई स्वतःच उभ्या होत्या. रंगूबाईनं त्यांना उजेडात पहिल्यांदा पाहिलं. आवाजाच्या मानानं बाई अगदीच लहानखुरी.

“टोपली कुठाय गं? हरी म्हणतो, खाडीत मासळीच नाही.”

“मासली हाय, आईसाहेब. सुकवायला जागा नाय. खोतांनी कुंपन घातलंय.”

“कुठल्या जागेला?”

रंगूबाई बघतच राहिली. हाकेच्या अंतरावरची जागा, आणि या घरात म्हातारी झालेल्या बाईला ठाऊक नाही.

“मला दाखवतेस?” द्वारकाबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पायरी उतरल्या.

खोतांची आई पायी खाडीवर येतेय म्हटल्यावर जाळी विणणारे हात थांबले. द्वारकाबाईंचं कुणाकडे लक्ष नव्हतं. बोंबील कसे टांगता, कोलीम किती ऊन खातो, पाऊस आला तर काय करता, असं विचारत त्या कुंपणापर्यंत आल्या. मागून हरिहरपंत धावत आले.

“आई, घरी चल. लोक बघतायत.”

“बघू देत. मीही बघायलाच आलेय. यांनी मासळी कुठं सुकवायची रे?”

“जमीन आपली आहे, आई.”

“ते मी विचारलं नाही.”

खोतांनी आईचा हात धरून तिला घरी नेलं.

पुढच्या आठवड्यात कुंपण मागं सरकलं, पण अर्धंच. उरलेल्या जागेत मिठागर झालं, आणि त्यावरून कोळीवाडा नि खोत पुढं कित्येक वर्षं भांडत राहिले. रंगूबाईची टोपली मात्र पुन्हा मागच्या दारी जाऊ लागली. कोळीवाड्यातल्या काहींनी तिच्याशी बोलणं टाकलं.

तिला त्याचं वाईट वाटे, तरी फेरी चुकत नसे. द्वारकाबाई आता उंबऱ्यावरच बसत. मासळी नुसती निमित्ताला. “आज पाणी कुठवर आलं होतं?” असं त्या विचारत, आणि रंगूबाई सावकाश, सगळं सांगत बसे.