रडक्या चेहऱ्यावरचं बोट

अन्याय झाला तो म्यानमारहून जीव वाचवून आलेल्या एका गरोदर बाईवर. गेल्या सोमवारी, सकाळी साडेदहाला, वसईतल्या एका दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीपाशी. आणि त्या खिडकीला लागूनच टेबल टाकून मी बसले होते.

निर्वासितांना उपचार कसे मिळतात, ते आमची संघटना मोजत होती. डॉक्टरांना भेटून बाहेर पडणाऱ्याला तीन चेहऱ्यांचं कार्ड दाखवायचं: हसरा, गप्प, रडका. लिहिता-वाचता येत नसलं तरी बोट ठेवता येतं. कल्पना माझीच. मिरवलीसुद्धा होती.

ती चिंचोटीहून आली होती. आठवा महिना, पाय सुजून चपलेत मावेनात. तिने निर्वासित असल्याचं कार्ड पुढे केलं. खिडकीतला म्हणाला, "ये नहीं चलता. आधार लाओ."

ती वळली, सरळ माझ्या टेबलाशी आली आणि रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

मी काय म्हणाले? "अभी नहीं दीदी. पहले डॉक्टर को दिखाओ, फिर बताना." नियमच तसा होता ना!

"जाने देंगे तब ना!" ती हसली. रडली असती तर बरं झालं असतं.

रांगेत पाचूबंदरची एक मासळीवाली मावशी होती. ती माझ्यावरच कडाडली, "ए पोरी, तोंडांची चित्रं काय दाखवते तिला? पानी दे आधी!" मग खिडकीवर थाप मारून म्हणाली, "माझ्या नंबरावर हिला सोड. माझा गुडघा काय, उद्या बी दुखेल."

मावशीच्या आवाजापुढे खिडकी नमली. डॉक्टरांनी बीपी मोजलं, ते फार वाढलेलं निघालं, आणि ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. गाडीत चढवताना आमच्या एका कार्यकर्त्याने नियमाप्रमाणे चेहऱ्यांचं कार्ड पुढे केलं. कुणीतरी तपासलं एवढ्यानेच सुखावलेल्या तिने हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

झालं. आमच्या मोजणीत ती समाधानी. खिडकीवरून परत गेलेल्या बायका तर मोजणीतच नाहीत. पत्रकांत 'हक्क' हा शब्द मी ठळक छापते आणि त्या दिवशी हातात कार्ड धरून नुसती बसून राहिले. ती अजून हॉस्पिटलमध्ये आहे. भेटायला जायचं म्हटलं तरी तोंड दाखवायची लाज वाटते.

तेव्हा वाचून हळहळू नका. येत्या सोमवारी तुमच्या जवळच्या दवाखान्यात जा आणि खिडकीपाशी उभे राहा. कागद नाही म्हणून कुणी परत फिरली, तर तिला थांबवा, तिच्या बाजूने भांडा आणि डॉक्टर तिला तपासेपर्यंत तिथून हलू नका.