पेडल मऊ लागतंय

माझा मोठा भाऊ, आमचा अण्णा, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करायचा आणि वर्षातून तीन-चारदा स्वतःची गाडी ट्रॅकवर पळवायला न्यायचा. शर्यत नसायची, नुसती हौस. मलाही त्यानेच शिकवलं. आम्ही पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात मुरलेली मराठी माणसं. मुलीने असले उद्योग करणं आईला पटायचं नाही. अण्णा आमच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणायचा, "माझ्याबरोबर येतेय ना? सरी, मग झालं."

वेगापेक्षा त्याला थांबण्याचं कौतुक जास्त. "रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकणारे ब्रेक पॅड ट्रॅकवर एका दिवसात खलास होतात, पुट्टी," तो सांगायचा. मी चाळिशीला आले तरी त्याची पुट्टीच, छोटी पोरच होते. निघण्याआधी तो चाकं काढून पॅड किती झिजलेत ते बघायचा. निम्म्याखाली आले असतील तर जाणं रद्द. शेवटची फेरी सावकाश मारायची, म्हणजे ब्रेक निवतात. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले पॅड चिकटून बसतात.

त्या दिवशी पहिल्या फेऱ्या मारून तो आला तोच कुरकुरत. "पेडल मऊ लागतंय. गाडी थांबत नाही."

पॅड त्याच आठवड्यात नवे घातले होते. तरी आम्ही चाकं काढून पाहिली, ब्रेक ऑइल बदललं. तो पुन्हा गेला. सरळ पट्टा संपतो तिथे जोरात ब्रेक दाबावा लागतो. तिथे गाडी वळलीच नाही, सरळ बाहेर जाऊन वाळूत रुतली. त्याला खरचटलंही नाही. पण पॅड विकणाऱ्याला तो शिव्या घालत होता, आणि अण्णाच्या तोंडी शिव्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

गाडी बाहेर काढून नीट तपासल्यावर तो म्हणाला, "आता तू चालवून बघ. स्वल्प जपून. तुलाच कळेल."

मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, सीटबेल्ट छातीत रुतला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. तेव्हा मला जिना आठवला. गेले काही महिने जिना चढताना त्याच्या उजव्या पायातली चप्पल गळून पडायची आणि आम्ही सगळे हसायचो. त्यानंतरच्या प्रत्येक वळणावर मी ब्रेक खराब निघू दे म्हणून देवाला विनवत होते.

तो कठड्याशी वाट बघत उभा होता. "काय, मऊ आहे ना?"

हो म्हणावंसं वाटलं. पण हो म्हटलं असतं तर तो पुन्हा गाडीत बसला असता.

"ब्रेक चांगले आहेत, अण्णा."

त्याने खाली स्वतःच्या उजव्या बुटाकडे बघितलं. मग म्हणाला, "घरी तूच घेऊन चल."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तळपायाला आपला तळहात लावला. "दाबा."

त्याने दाबला.

"आणखी जोरात."

"सगळा जोर लावलाय, डॉक्टर."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. स्नायूंना हलवणाऱ्या नसाच मरत चालल्या होत्या. त्यावर औषध नव्हतं.

पाय गेले, मग हात. एका रविवारी त्याला शेजारच्या सीटवर बसवून मी सर्जापूर रोडला माझ्या फ्लॅटवर नेत होते. एका सिग्नलला गाडी थांबली तसा तो जड जिभेने म्हणाला, "छान. धक्का बसला नाही." आणि रडायला लागला. डोळे पुसायला त्याला हात उचलता येईना. मी गाडी कडेला घेऊन ते पुसले. मागून हॉर्न वाजत होते.

पुढच्या वर्षी तो गेला. वहिनीने गाडी विकायची का विचारलं, मी वीक म्हटलं. ट्रॅकवरचे मित्र अजून बोलावतात. बघते, म्हणते आणि जात नाही.