हौदातला सागरतळ

परंड्याजवळच्या ज्या शाळेत मी भूगोल शिकवते, तिथल्या आठवीच्या वर्गात एकाही लेकरानं समुद्र पाहिलेला नव्हता. मुख्याध्यापकांना तेवढं कारण पुरलं.

"बाई, सागरतळाचा धडा उत्तरं सांगून उरकून टाका. आपल्या लेकरांचा अन् समुद्राचा काय संबंध?"

मीही याच जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी. मलाही हा धडा असाच उरकून दिला होता.

"मी शिकवणार आहे, सर," म्हटलं.

शाळेला लागूनच्या शेतात जनावरांचा मोठा हौद आहे. मालकानं तो धड्यासाठी वापरायला होकार दिला. अट एकच, "पाणी नासायचं न्हाय, म्हशी पेत्यात त्यात."

धुतलेल्या विटा आणि दगड मी हौदात रचले. काठाशी उथळ, मग उतार, मध्ये एक डोंगर, पलीकडं खोल. हौदावर ताडपत्री ताणून बांधली, तिला वीतभर अंतरानं भोकं पाडली. मुलांनी एकेका भोकातून वजनाला लोखंडी नट बांधलेली सुतळी सोडली आणि प्रत्येक ठिकाणची खोली आलेखाच्या कागदावर मांडली. मागच्या बाकावर बसणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी एकदम ओरडली, "बाई, इथं सुतळी कमी सुटली! खाली डोंगर हाय!"

पूर्वी जहाजं अशीच दोर सोडायची, आता आवाज सोडतात आणि तो तळाला आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजतात, हे मी तेव्हाच सांगितलं.

ताडपत्री काढून आम्ही लाटा केल्या. मालक म्हणाला, "लाट इकडं आली म्हंजी पाणी इकडं आलं." त्या मुलीनं बाटलीचं बूच पाण्यावर सोडलं. लाट पुढं गेली, बूच जागच्या जागी वरखाली होत राहिलं. मालकानं स्वतः तीनदा पाणी हलवून पाहिलं. "आयला, व्हय की!"

दुसऱ्या दिवशी मला मुख्याध्यापकांची नोटीस मिळाली. परवानगीशिवाय वर्ग बाहेर नेल्याबद्दल खुलासा मागितला होता. मी लिहिलं, वर्ग भिंतीबाहेर नेला, अभ्यासक्रमाबाहेर नाही.

महिन्याभरानं तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. मुख्याध्यापकांनी तक्रार पुढं केली. साहेबांनी वर्गात येऊन नेमकं त्याच मुलीला विचारलं, "समुद्र बघितलाय का कधी?"

"न्हाय, साहेब." ती उभी राहिली. नजर खाली गेली नाही. "पण तळ तर कुणालाच दिसत नव्हता. त्यो मोजूनच कळला. मोजायला आमाला येतं."

साहेबांनी तिचा आलेख मागून घेतला, बराच वेळ पाहिला. "पुढच्या वेळी लेखी परवानगी घ्या," एवढंच मला म्हणाले.

नोटीस मागं घेतली गेली नाही. माझ्या फाईलला ती लागली आहे. यंदा शाळा उघडताच मी परवानगीचा अर्ज दिला, तो सहीविना पडून राहिला. दुसरा दिला, त्यावर पालकांच्या सह्या घेतल्या. पहिली सही हौदाच्या मालकाची आहे, त्याची नात आता आठवीत आली.