उतईच्या मैदानातला बेस

सुगत पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी भीमगीतांच्या पार्टीत बेस गिटार वाजवायचा. पार्टीची गायिका त्याची सख्खी मावशी, गिरजाबाई. तिचा आवाज टिपेचा. खाली सुगतचा भरदार बेस घुमत असला, की ती बिनधास्त वर चढायची.

मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला. आवाज मात्र खाली उतरला, घोगरा झाला. बरेच महिने ती गप्पच होती. पुन्हा गायला बसली तेव्हा कीबोर्डवाल्या तेजरामनं सगळ्या गाण्यांची पट्टी उतरवून दिली. तालमीत बरं वाटलं. पण दुर्गच्या कार्यक्रमात मागून ओरड झाली, "शब्द समजून नाही राहिले!" मावशीनं गाणं कसंबसं संपवलं आणि माइक खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी पार्टीचे प्रमुख पंजाबराव सुगतच्या हुडको वसाहतीतल्या घरी आले. माणूस वाईट नव्हता. मान खाली घालूनच बोलले. "सहा डिसेंबरले उतईचा कार्यक्रम आहे. त्या दिवशी तरी शब्द लोकायपर्यंत गेला पाहिजे. दुसरी बाई पाहू का?"

मावशी आतच होती. ती दारात आली. "पाहा, भाऊ. मी नाराज नाही." एवढं बोलून ती चहा ठेवायला गेली. चहा काही बाहेर आला नाही.

सुगत म्हणाला, "एक डाव उतईले पाहू द्या. नाही जमलं तं मीच सांगतो तिले."

सहा डिसेंबरला सगळे दुपारीच उतईला पोचले. स्टेज म्हणजे लोखंडी ड्रमांवर टाकलेल्या फळ्या. सुगतनं गिटारचा ॲम्प नेहमीसारखा फळ्यांवर लावला, गिटार तेजरामच्या हातात दिली, मावशीला गायला सांगितलं आणि स्वतः मैदानाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिथून त्यानं आपला बेस कधी ऐकलाच नव्हता. नुसता गुरगुराट. फळ्यांखालचे पोकळ ड्रमही त्यात सूर मिसळत होते. त्यानं हात करून तेजरामला थांबवलं, आणि मावशीचा शब्द न् शब्द लख्ख ऐकू आला.

त्याला कळलं. तिचा जुना आवाज बेसच्या वरून जात होता. नवा आवाज बेसच्याच घरात राहायला आला होता.

त्यानं ॲम्प फळ्यांवरून उतरवून जमिनीवर विटांवर ठेवला. बेसचा नॉब मागे घेतला. घुमणं थांबलं, पण मावशी अजून दबलेलीच होती. मग लो-मिडचा, म्हणजे मावशीच्याच पट्टीतल्या सुरांचा नॉब थोडा थोडा उतरवत, दर वेळी टोकाला जाऊन तो तीच ओळ ऐकत राहिला. शेवटी बोटांचा ठोका ढोलकीवाल्याला कळावा म्हणून त्याच्या वरच्या सुरांचा, हाय-मिडचा नॉब जरासा वाढवला.

"सुगतभाऊ, हा तं डब्बा वाजून राहिला," तेजराम म्हणाला.

"एकटा डब्बा वाजला तं वाजू दे. आता सगळे मिळून वाजवा."

सगळे वाजवू लागले. कुणी कुणाच्या अंगावर येत नव्हतं.

मावशीनं विचारलं, "तू आपला आवाज कावून मारून टाकला रे?"

"नाही मारला, मावशी. तू गा."

संध्याकाळी मेणबत्त्या लागल्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीवाटीनं बसली. मावशीनं बाबासाहेबांच्या अखेरच्या दिवसाचं गाणं धरलं. एका जागी आवाज फाटला. ती थांबली नाही. दुसऱ्या कडव्यापासून मागच्या रांगा धृपद म्हणू लागल्या. पंजाबराव स्टेजच्या कडेला हात जोडून उभे होते.

सामान आवरताना कुणीतरी सुगतला विचारलं, "आज बेस नव्हता का, भाऊ?"

"होता," तो म्हणाला.

पुढची काही वर्षं मावशी गायली. गाठ परत आली तेव्हा आपल्या जागी दीक्षा या शेजारच्या मुलीचं नाव तिनंच सुचवलं. मावशी गेल्यानंतर दीक्षा पहिल्यांदा तालमीला आली. त्या दिवशी सुगतनं ॲम्प सुरूच केला नाही.

"तू आधी नुसती म्हण," तो म्हणाला आणि दाराजवळ जाऊन बसला.